स्थानिक नाव

रकाना सहावा : स्थानिक नाव.
रुंदी दीड इंच.
जैवविविधतेची नोंदवही माझ्या काखेत,
आणि समोर, जांबखिंडच्या मुरमाड उतारावर,
मार्चच्या उन्हात
अंगावर एक पान न ठेवता उभं असलेलं
हे पांढरं झाड.

बीटगार्ड म्हणाला, कांडोळ लिहा, सर.
शेळ्यांमागचा नथ्थू म्हणाला, भुत्या.
अमावास्येले बी दिसते ना थे, मानूस उभा हाय असं.
पोरं म्हणाली, खाजरी. फळाची कुसं
त्यांनी एकदा मास्तरच्या खुर्चीवर टाकली होती.
(मास्तर मीच. मी ते लिहिलं नाही.)
पांढरकवड्याचा डिंकवाला
झाडाकडे न बघताच बोलला, एक नंबर.
आणि डिंक काढणारा झिबल,
ज्यानं याच खोडाला अकरा घाव घातलेत,
बराच वेळ सालीवरून हात फिरवत राहिला.
गाय म्हन्तो आमी, म्हणाला,
पन वासराचं दूध ठेवलं नाई कोनी.

बाकी गाव म्हणतं कडई.
मी कडई लिहून वही मिटणार, एवढ्यात कोणीतरी म्हणालं,
खालच्या आळीत उजळी म्हन्तेत. पंचफुलाबाईले पुसा.

पंचफुलाबाई मोहाची फुलं वाळत घालत होती.
तिच्या नवऱ्याचं नाव कडूजी.
आधीची तीन लेकरं गेली म्हणून
आईनं मुद्दाम ठेवलेलं नाव,
मृत्यूनं तोंडात घालावं आणि थुंकून टाकावं असं.
ते लागू पडलं. कडूजी एकोणऐंशी वर्षं जगला.
पण सोळाव्या वर्षी या घरात आलेल्या पंचफुलेच्या तोंडून
त्या दिवशी किती शब्द गेले!
कढई गेली, तिला ती काळी म्हणू लागली.
कडुनिंब गेला, तो झाला देवीचा पाला.
कारल्याची भाजी गोड नाई, एवढंच.
आणि उतारावरची कडई?
रात्री परसात उभं राहिलं की तीच तेवढी दिसायची.
उजळी, म्हणाली ती. कुनाले तरी काई म्हनावं लागतेच ना.

सुनांनी तेच उचललं, मग नातवंडांनी.
कडूजीला जाऊन सात वर्षं झाली.
आता घ्या ना नाव, मी म्हटलं.
ती फुलं पसरत राहिली.
आयकत असन तं?

मग तिनं लुगड्याच्या ओच्यातून मोबाइल काढला.
नातू हेमराज, व्हँकूवरला, कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला.
दिवाळीत पाठवलेला फोटो :
थंडीनं लाल झालेला त्याचा तळहात,
त्यावर पाच बोटांचं एक पान,
हाताहूनही मोठं, पिवळं.
खाली लिहिलेलं,
आजी, इकडे पण उजळी हाय.

उजळी नव्हे ती, मी मास्तरासारखा म्हणालो,
मॅपल म्हणतात. मोठ्या पानाचा मॅपल.
पान सारखं दिसतं, पण गोत वेगळं.
तिनं ऐकून घेतलं.
डिंक येते का त्याले?
डिंक नाही. खोडाला भोक पाडतात, पाण्यासारखा रस गळतो,
तो आटवून पाक करतात.
चव कशी?
गोड.

पंचफुलाबाईचा हात फुलांवर थांबला.
मग म्हनता येते की, ती म्हणाली,
आणि दात नसलेल्या तोंडात शब्द इकडून तिकडे फिरवून,
उतारावरच्या झाडाची एकदा नजर चुकवून,
हळूच :
म्यापल.

सहाव्या रकान्यात मी उजळी लिहिलं.
शेरा : हे नाव एका आळीत चालतं,
आणि व्हँकूवरला, एका खोलीत.